उपासनेत पेटी-तबला की कीबोर्ड-ड्रम्स?

भजनी ठेका (धागाकर्ता)
आपल्या मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली भजनं मागे पडून इंग्रजी गीतांची भाषांतरं, आणि त्यांच्याबरोबर कीबोर्ड-ड्रम्स, पुढे आली आहेत. लोक याला आवडनिवड म्हणतात. मला हा भाषेचा प्रश्न वाटतो. या परक्या इंग्रजी चाली पुष्कळदा समेच्या (तालाच्या पहिल्या, वजनाच्या मात्रेच्या) आधी उचलतात, कारण तिथे 'द', 'अ', 'ओ' असे बिनवजनाचे शब्द असतात. मराठीत ते नाहीत. मग 'येशू'तला 'ये' समेआधी चिरडतो, 'शू'वर सम पडते आणि ऐकू येतं 'यिशूऽऽ'. 'करुणा'चेही तेच हाल: ऱ्हस्व 'रु' दोन मात्रा ताणायचा आणि दीर्घ 'णा' घाईत उरकायचा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी अभंग-ओवी उगाच धरली नाही. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात सहज बसतात. पुस्तक हातात नसलेला माणूसही दुसऱ्या कडव्यापासून साथ देतो.

चार कॉर्ड
असहमत. हा दोष भाषांतरकाराचा, त्यात ड्रम्सचा काय संबंध? मुळात मराठीत लिहिलेलं गीत गिटारवर व्यवस्थित बसतं. आणि पेटी काय पंढरपूरहून आली? १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये घडलेलं वाद्य ते. तेव्हा 'परकं' हा शब्द जरा जपून. 'ब्रिज (कडव्यांमधली वेगळ्या चालीची जोडओळ) आठ-आठ वेळा घोळवतात' अशीही तक्रार असते. भजनात ध्रुवपद किती वेळा फिरतं ते मात्र कुणी मोजत नाही.

मागच्या बाकावरून
दोघांनाही एक विचारतो: मंडळी गातात का? चाल मनाविरुद्ध निघाली की अर्धे बाक प्रभूची स्तुती करतात आणि अर्धे मनातल्या मनात ड्रमवाल्याची निंदा. पण ज्याला आपण 'शैलीचा त्रास' म्हणतो तो बऱ्याचदा पट्टीचा त्रास असतो. रेकॉर्डिंगमधला पुरुष गायक उंच पट्टीत गातो, वाद्यवृंद तीच पट्टी जशीच्या तशी उचलतो. बायकांना ती खाली फार खोल आणि वर फार चढी, पुरुष दुसऱ्या ओळीला गप्प. तीन-चार स्वर उतरवा (एक स्वर म्हणजे कीबोर्डवरची लगतची एक कळ, काळ्या कळाही मोजून). काळी एकला (सी शार्पला) सा धरला तर तार सापर्यंत, म्हणजे वरच्या सापर्यंत, सगळे पोचतात. तार गंधार मागितला की फक्त माइकवाले उरतात. दुसरं म्हणजे मिक्सरवरचा एको. उंच छताच्या दगडी चर्चमध्ये आवाज आधीच घुमतो, त्यावर एको लावला की शब्दांचा लगदा होतो. बोलण्याच्या आणि गाण्याच्या माइकवर तो पूर्ण बंद ठेवा.

भजनी ठेका
पट्टीचं मान्य. पण कॉर्डचं काय? भूप रागात म आणि नी नाहीत. पांढरी एकला (सीला) सा धरून गिटारवाला सवयीने सी, एफ, जी हे कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन स्वर) वाजवतो. एफमध्ये म आला, जीमध्ये नी आला. भूप गेला, उरलं बालवाडीतलं गाणं. भैरवीत तर विचारूच नका. मंडळी कोमल ऋषभ घेत असताना खाली जी मेजर वाजला की रे आणि नी दोन्ही शुद्ध, अंगावर काटा येतो, आणि तो भक्तीचा नव्हे.

हलगी
'देशी' म्हणजे फक्त कीर्तन आणि अभंग, हे ठरवलं कुणी? अहमदनगर भागात मिशनकडे आलेली बहुसंख्य कुटुंबं महार-मांग समाजातली. त्यांच्या वस्तीत हलगी, डफ, तुणतुणं होतं. ते चर्चच्या दारातच राहिलं आणि आत आली ती शास्त्रीय वळणाची पेटी. ड्रम्स बघून नाक मुरडणाऱ्यांचं हलगी आत आल्यावर काय होईल, हे बघायला मला आवडेल.

वसईचा वारा
कॅथलिक बाजूने थोडक्यात. १९६३च्या उपासनाविषयक संविधानात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनला मान दिला आणि स्थानिक संगीतपरंपरेलाही उपासनेत जागा दिली. त्यामुळे 'रोमला चालत नाही' ही सबब दोन्ही गटांनी सोडावी. आमची अडचण निराळी. मिस्साविधीतले शब्द ठरलेले आहेत. 'पवित्र, पवित्र, पवित्र'ला चाल बसेना म्हणून शब्द गाळता येत नाहीत, चालच बदलावी लागते.

चार कॉर्ड
हलगीला पूर्ण पाठिंबा, पण बंद हॉलमध्ये ती ड्रम्सवर मात करेल, तेव्हा बाकांपासून लांब बसवा. भूपाचं उत्तर सोपं आहे: सी आणि ए मायनर, बस. सा-ग-प आणि ध-सा-ग, दोन्हींत भूपाबाहेरचा एकही स्वर नाही. भैरवीत गिटारवर नुसते सा-प छेडा, मधला गंधार सोडा. ड्रम्सला काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या वापरा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

भजनी ठेका
ए मायनरचं पटलं, करून बघू. ड्रम्सचं नाही पटलं, जुड्या लावूनही झांज ती झांजच. आणि 'मागच्या बाका'ला एक: तीन-चार स्वर उतरवा म्हणणं कीबोर्डवाल्याला सोपं, पट्टी बदलायचं बटण दाबलं की झालं. साडेपाच इंच तोंडाचा तबला काळी एकला लागतो, फार तर एखादा स्वर इकडेतिकडे. त्याहून खाली ओढलात तर शाई (पुडीवरचा काळा गोल) बोलत नाही. सगळ्या गीतांची पट्टी शनिवारीच ठरवून कळवा, म्हणजे सहा इंची तबला आणता येतो. आणि एक गीत संपलं की ते बटण आठवणीने परत शून्यावर आणा. पुढचं भजन पेटीवर असतं.