सुकाणूच्या पात्याला कोणता आकार द्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, १४ फुटी शिडाची होडी घरीच बांधतोय, रेवदंड्याच्या खाडीत चालवायची आहे. हल (होडीचं मुख्य अंग) जवळपास झालाय, आता सुकाणूवर अडलोय. पातं २५० मिमी रुंद धरलंय, मागे ट्रान्समवर (होडीच्या मागच्या सपाट फळीवर) लावायचं आणि उथळ पाण्यात वर उचलता येईल असं.

प्रश्न जाडीचा आहे. १२ मिमीचे दोन मरीन प्लाय चिकटवले तर २४ मिमी होतात म्हणजे रुंदीच्या साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, आणि वर एक ६ मिमीचा घेतला तर ३० मिमी म्हणजे बरोबर १२ टक्के, नॅका ००१२ (पात्याच्या छेदाचा एक प्रमाणित आकार). पातळ पात्याला ड्रॅग (पाण्याचा अडथळा) कमी हे कळतं पण जोराच्या वाऱ्यात टिलर (सुकाणूचा दांडा) जास्त वळवला की ते लवकर स्टॉल होतं, म्हणजे पाण्याचा प्रवाह पात्यापासून सुटतो, आणि होडी ऐकतच नाही, म्हणून माझं मन ००१२ कडेच झुकतंय. इतक्या हळू होडीला तो जास्तीचा ड्रॅग खरंच जाणवतो का?

दुसरं, सगळ्यात जाड भाग पुढच्या कडेपासून ३० टक्क्यांवर म्हणजे ७५ मिमीवर हवा, पुढची कड साधारण ४ मिमी त्रिज्येची गोल. रंधा मारताना प्लायचे थर नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे दिसतात, दोन्ही बाजूंच्या रेषा जुळल्या की आकार सारखा, एवढं जमतंय. पण मागची कड किती बारीक करायची? धारदार केली तर वाळूला घासून तुटेल, ३ मिमी चौकोनी ठेवली तर चालेल का, की पाणी कापताना थरथरेल?

ज्यांनी स्वतः बनवलंय त्यांनी प्लीज सांगा, जमल्यास पात्याचा फोटोही टाका.