मदत हवी आहे: नागपुरात बेसा भागातला नवाकोरा फ्लॅट की त्रिमूर्तीनगरातला जुना?

खसताटी

नमस्कार मंडळी. गेले चार महिने रविवार उजाडला की आम्ही फ्लॅट पाहत हिंडतो. आता यादीत दोनच उरलेत आणि घरात दोन पक्ष पडलेत, म्हणून इथे विचारते.

पहिला बेसा भागात. खाली पार्किंग, वर चार मजले, एकूण आठ फ्लॅट. आम्हाला दाखवला तो चौथ्या मजल्यावरचा, थेट गच्चीखालचा. दोन बेडरूम, बिल्डरच्या तोंडी माप 1180 स्क्वेअर फूट, किंमत 47 लाख. वर पार्किंग आणि मीटरबिटर धरून 2 लाख, जीएसटी वेगळा. रंग झालाय, लिफ्ट लागलीय, तोट्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नाही अजून. ओसी (इमारत राहायला तयार असल्याचा सरकारी दाखला) तेवढी "येऊनच राहिली आहे, ताई". हे वाक्य मी मार्चपासून ऐकतेय.

दुसरा त्रिमूर्तीनगरात. 2009 ची बिल्डिंग, दुसरा मजला, 44 लाख. कागदावर 1050 फूट. ओसी आहे, खिडकीसमोर कडुनिंब आहे. पण बाथरूममागच्या भिंतीला ओल आहे, वायरिंग जुन्या काळचं आहे आणि लिफ्ट पावसाळ्यात रजेवर जाते म्हणे.

नवऱ्याचं म्हणणं, नवीन घराला दहा वर्षं हात लावावा लागत नाही. सासूबाई काही बोलत नव्हत्या. मागच्या रविवारी दुपारी चारला त्यांना बेसाचा फ्लॅट दाखवायला नेलं. मोठ्या बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला त्यांनी तळवा लावला आणि लगेच काढून घेतला. "इथं भाकर शेकून घेईन मी, गॅस वाचंल." सेल्सचा पोरगा हसला. मला हसू आलं नाही, कारण कूलर कुठे ठेवायचा ते मला त्या खोलीत सापडतच नव्हतं. सरकत्या काचा, बाहेर घट्ट बसवलेली ग्रिल, बाल्कनी दुसरीकडे. विचारलं तर म्हणे, आजकाल सगळे एसीच लावतात.

शनिवारपर्यंत 51 हजार बयाणा द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे, असंही सांगून ठेवलंय. नवीन घर घेतलेल्यांनी खरं खरं सांगा, फायदा काय झाला आणि कुठे पस्तावलात?

तर्रीपोहा

दुसरी पार्टी सगळ्यांच्याच मागे उभी असते ताई, माझ्याही मागे होती. 2021 मध्ये हुडकेश्वरकडे नवीन घेतला. आधी चांगलं सांगतो. प्रत्येक खोलीत हवे तिथे प्लग, एसीला वेगळी लाइन, गीझर लावला तरी काही उडत नाही. इतवारीच्या जुन्या घरात मिक्सर लावला की टीव्ही बंद करत होतो आम्ही, त्यामुळे हे सुख मी मोजतो.

आता पस्तावा. ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या महिन्यात सुतार घरात घातला. बाथरूमच्या भिंतीला लागून मुलीच्या खोलीत भिंतभर कपाट केलं. नवीन बांधकामाच्या पोटात पाणी असते बाप्पा, ते सुकायला वर्ष-दीड वर्ष जाते, हे कोणी सांगितलंच नाही. पहिल्या पावसाळ्यात कपाट उघडलं तर आत कुबट वास, मागच्या प्लायला पांढरी बुरशी, आणि तिचा शाळेचा स्वेटर हातात घेतला तर ओला. बिल्डरला फोन केला तर "पाहतो" म्हणाला. अजून पाहूनच राहिला आहे. नवीन घ्याच, पण एक पावसाळा रिकाम्या भिंती ठेवा. लोखंडी कपाट आणि पलंगावर वर्ष काढा.

साइटवरचा

बावीस वर्षं साइटवर उभा आहे, म्हणून थोडं.

नवीन भिंतीला केसासारख्या चिरा पडणारच, त्याला घाबरू नका. प्लास्टर सुकताना आकसतं. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे आडवी सरळ चीर दिसली तर सांध्यावर जाळी मारायची राहिली असं समजा. दिसायला वाईट आहे, पण घर पडत नाही. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि नाण्याची कड आत जाईल एवढी रुंद चीर मात्र सोडू नका. आपल्याकडे शहराच्या दक्षिण-पश्चिमेला बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि उथळ पायाला दरवर्षी हलवते. पाया मुरमापर्यंत नेला का, हे तळमजल्यावरच्या भिंती आणि बाहेरचं फरशीकाम पाहून बरंचसं कळतं. चौथ्या मजल्यावरून खाली या आणि पार्किंगमध्ये दहा मिनिटं फिरा. लोक मॉड्युलर किचन पाहतात, कॉलम कोणीच पाहत नाही.

बाकी दोन वस्तू न्या. एक रुपयाचं नाणं आणि बादली. नाण्याने टाइल ठोकत जा; पोकळ वाजली की खाली मसाला भरलेला नाही. बादलीभर पाणी बाथरूमच्या दाराशी ओता. ते जाळीकडे जायला पाहिजे. कोपऱ्यात थांबलं तर रोज वायपर मारत बसाल आणि खालच्यांशी भांडाल. तुमचा फ्लॅट गच्चीखालचा आहे, तर गच्चीवर पाणी भरून दोन दिवस ठेवायला सांगा. वॉटरप्रूफिंगवर भरवसा असणारा बिल्डर कुरकुरत नाही.

उन्हाचं म्हणाल तर आईंनी तळवा लावला ती सगळ्यात खरी तपासणी. पश्चिमेची भिंत चार इंची आहे की सहा इंची, विचारा. गच्चीला पांढऱ्या चिनी टिकल्या लावल्या तर फरक पडतो, पण छत तापायचं राहत नाही. नवतप्यात, म्हणजे 25 मेनंतर, रात्री दहाला जाऊन छताखाली उभं राहून पाहा. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब रात्री खोलीत ओतत असतो.

कागद_आधी

आठ फ्लॅट वाचून थबकले. हा आकडा योगायोगाचा नसतो.

रेरा, म्हणजे बिल्डरांवर वचक ठेवणारा कायदा, त्यात जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. 500 चौरस मीटर म्हणजे साधारण 5382 स्क्वेअर फूट, आपल्याकडच्या लेआउटमधले कितीतरी प्लॉट यात बसतात. हे बेकायदा नाही, पण नवीन घराचे जे फायदे आपण गृहीत धरतो ते निम्मे इथेच गळतात. नोंदणी असती तर महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) साइटवर मंजूर नकाशा, कार्पेट एरिया (घराच्या आतली वापरायची जागा), जमिनीवरचा बोजा, पूर्ण होण्याची तारीख सगळं घरबसल्या दिसलं असतं. बिल्डरला ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागले असते. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर 30 दिवसांत फुकट दुरुस्त करणं बंधनकारक असतं, तेही त्याच कायद्यात. रेराबाहेरच्यांना 1963 चा मोफा, म्हणजे राज्याचा फ्लॅटविक्रीचा कायदा आहे, त्यात दोषांसाठी तीन वर्षं आहेत, आणि ग्राहक आयोग आहेच. पण पाठपुरावा तुमचा तुम्हाला. म्हणून पाच वर्षांची हमी करारनाम्यात लिहून मागा. तोंडी हमी म्हणजे हवेतला कूलर.

जीएसटी नीट ऐका. सगळे पैसे ओसीनंतर दिले तर लागत नाही. काही भाग आधी दिला की लागतो. 2019 पासून दर 5 टक्के, म्हणजे 49 लाखांवर 2 लाख 45 हजार. नागपूर मेट्रो शहरांच्या यादीत नाही, त्यामुळे कार्पेट 90 चौरस मीटरच्या आत आणि किंमत 45 लाखांपर्यंत असेल तर 1 टक्का. पण त्या 45 लाखांत पार्किंगसारखे वरचे आकार धरतात, हे बिल्डर सांगत नाही. ओसी खरंच महिन्यावर आली असेल तर थांबण्यात तुमचे अडीच लाख वाचतात. मग घाई कोणाला आहे?

बेसा मनपा हद्दीबाहेर, तेव्हा नकाशा एनएमआरडीएचा (नागपूर महानगर विकास प्राधिकरणाचा) मंजूर आहे का पाहा. ग्रामपंचायतीचा शिक्का दाखवला तर तिथूनच परत फिरा. जमीन एनए (बिगरशेती) आहे का, जुन्या वस्तीत असेल तर आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे का, आणि सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) तुमच्या वकिलाचा, बिल्डरच्या नव्हे. रजिस्ट्री फक्त तुमच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात बाईमाणसाला 1 टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. घरात शांतता राहत असेल तर विचार करा.

आणि 1180 कशाचे, कार्पेटचे की बाहेरचं सगळं धरून? आतून टेप लावा.

बेसाकाठी

मी त्याच भागात सहा वर्षं राहतो. शांत आहे, हवा आहे, वर्धा रोड जवळ, मिहानला नोकरी असेल तर सोन्याहून पिवळं. पण एप्रिल-मे टँकरवर काढतो आम्ही, बोअर तळाला जाते. टँकरचे पैसे आठ घरांत वाटले जातात. त्यातली तीन रिकामी असतील तर पाचांत. नवीन स्कीममध्ये किती घरांत माणसं राहायला येणार, हे विचारा. आमच्याकडे निम्मे फ्लॅट गुंतवणूकवाल्यांचे, ते दिवाळीला झाडू मारायला येतात. लिफ्टच्या देखभालीचे पैसे मागितले की फोन लागत नाही.

महालवाला

सगळे नव्याच्या मागे लागून राहिले, जुन्याची कोणी बाजू घ्या ना. जुन्या घराचे दोष समोर दिसतात. ओल दिसतेय, वायर दिसतेय, दोन्हीचा भाव प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन एका दिवसात काढून देतात. तो किमतीतून कापून मागायचा. नव्याचे दोष अजून जन्माला यायचे आहेत. पाण्याचंही तसंच. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा डागा लेआउटसारख्या जुन्या, बऱ्या वस्त्यांत घरात पाणी शिरलं. पण आता तिथे घर घ्यायचं तर पाणी कुठवर आलं ते शेजारी भिंतीवर बोट ठेवून सांगतात. नव्या लेआउटमध्ये तो शेजारीच नसतो, आणि पूर्वी तिथून नाला जात होता का हे सातबारा पाहून कळत नाही.

जुन्याचं एक मात्र पाहा. त्या बिल्डिंगचं डीड ऑफ डिक्लरेशन (कोणाचा किती हिस्सा हे सांगणारा बिल्डिंगचा नोंदणीकृत दस्त) झालंय का, आणि विक्रीपत्रात जमिनीतला अविभक्त हिस्सा किती लिहिलाय. उद्या पाडून नवीन बांधायची वेळ आली तर तोच तुमचा.

खसताटी

मंडळी, काल दोन्हीकडे जाऊन आलो. टेप, नाणं, बादली, सगळा सरंजाम. सेल्सच्या पोराला वाटलं आम्ही राहायलाच आलो.

आधी माप. बेसा आतून भरला 742 फूट. त्रिमूर्तीनगर 768. म्हणजे 1180 चा फ्लॅट 1050 च्या फ्लॅटपेक्षा लहान आहे! 49 लाखांना कार्पेटचा भाव 6,600 च्या वर जातो, जुन्याचा 5,700 च्या आसपास. नवरा तिथेच पार्किंगमध्ये मोबाइलवर तीनदा भागाकार करत बसला.

टाइल्स बऱ्या निघाल्या, हॉलमध्ये दोनच पोकळ वाजल्या. कॉमन बाथरूममध्ये मात्र पाणी दाराशीच थबकलं आणि हळूच पॅसेजमध्ये यायला लागलं. पोरगा "सेटिंग होऊन जाईल मॅडम" म्हणत मॉप आणायला पळाला. पार्किंगमधले कॉलम ठीक वाटले, तिरपी चीर कुठे नाही. नकाशा एनएमआरडीएचाच आहे, झेरॉक्स घेतली. तेवढं बिल्डरच्या बाजूने लिहायला हवं.

मग बिल्डरला तीन गोष्टी सांगितल्या. बयाणा ओसीनंतर, भाव कार्पेटवर, पाच वर्षांची हमी करारात. दुसरी हो-नाही करत मान्य. तिसरीवर म्हणाला, माझा शब्द आहे ना ताई, लिहायचं काय त्यात. पहिलीवर काहीच बोलला नाही. रात्री साडेनऊला त्याचा फोन आला, सगळं धरून 45 लाख करतो, उद्या या. नवरा खूश. मी फोन घेऊन ओसीची तारीख विचारली.

"येऊनच राहिली आहे, ताई."

बयाणा दिलेला नाही. दुसरी पार्टी शनिवारी आलीच नाही, फ्लॅट अजून तसाच आहे. मृग लागून एकदोन सरी झाल्या की गच्चीखाली जाऊन छत पाहायचं ठरलंय. तोवर त्रिमूर्तीनगरच्या काकूंना विचारलं, ओल कुठून येते ते आमच्या प्लंबरला पाहू द्याल का. त्यांनी बुधवारी सकाळी बोलावलंय. सासूबाई म्हणाल्या, मीही येते, आणि हो, खिडकीचं माप घेऊन ठेव, आपला कूलर तीन फुटी आहे.