व्यसनाच्या संशोधनासाठी सीनियर प्रोफेसर मिळेना, काय करावं?

कृष्णाकाठ: आमच्या विद्यापीठात मानसशास्त्र विभागात व्यसनावर संशोधन करणारं केंद्र काढायचं ठरलंय, प्रोफेसरचं एक पद पण मंजूर आहे. दोनदा जाहिरात दिली पण या विषयात दहा-पंधरा वर्षं घातलेलं कुणी अर्जच करत नाही. बेंगळुरू किंवा दिल्लीचे एखादे रिटायर्ड प्रोफेसर 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' (बाहेरच्या क्षेत्रातल्या अनुभवी तज्ज्ञांसाठीचं पद) म्हणून घेता येतील का? इथे गावोगावी दारू, तंबाखू, मिश्री आहे हो, काम पडलंय नुसतं.

जुना_रजिस्ट्रार: नाही जमणार. यूजीसीच्या २०२२ च्या गाइडलाइन्सप्रमाणे शिक्षकाच्या पदावर असलेले किंवा त्यातून रिटायर झालेले त्या स्कीममध्ये बसत नाहीत. ॲडजंक्ट, म्हणजे अर्धवेळ पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलवा.

वेदा_बेंगळुरू: पदाचं नंतर बघू, आधी सांगा त्या माणसाला तुम्ही देणार काय? आमच्या बेंगळुरूच्या निम्हान्सला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत, व्यसनांसाठी वेगळं सेंटर आहे, ओपीडी, वॉर्ड, शिकणारी मुलं सगळं एका आवारात. एम्सचं गाझियाबादचं सेंटर पण तसंच. तिथून उठून येणाऱ्याला तुमच्याकडे पेशंट कुठे भेटणार? मी आधी जिथे होते तिथे असेच एक मोठे सर आणले, केबिन दिली, नावाची पाटी लावली, पण हाताखाली एक रिसर्च असिस्टंट मिळेपर्यंत वर्ष गेलं आणि दुसऱ्या वर्षी सर परत गेले. फार वाईट वाटलं होतं.

गोव्यातल्या 'संगत' या संस्थेचं काम बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे, घातक प्रमाणात दारू पिणारे ३७७ पुरुष घेतले आणि समुपदेशन केलं ते ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसांनी, जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी समुपदेशनवाल्या गटात ३६ टक्के लोक सावरले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात २६. हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. म्हणजे मोठं हॉस्पिटल नसलं तरी चालतं, पण आरोग्य केंद्रांशी करार आणि फील्डवरची टीम हवीच.

समुपदेशक_ताई: वेदाताईंना अनुमोदन. मी व्यसनमुक्ती केंद्रात फॉलोअप बघते. पेशंटचा नंबर तीन महिन्यांत बदलतो, म्हणून आम्ही डिस्चार्जच्या दिवशीच बायकोचा, भावाचा आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा नंबर लिहून घेतो, आणि फोन करायचा तो संध्याकाळी सातनंतर, कारण दिवसा माणूस कामावर, उचलतच नाही. ही माहिती कुठल्या प्रोफेसरकडे नसते, आमच्या वह्यांमध्ये असते. जवळच्या केंद्राला आधीच सोबत घ्या, पेशंटची संमती, एथिक्स कमिटी सगळं रीतसर करून. मग तुमच्याकडे यायला माणसं तयार होतील.

कृष्णाकाठ: खरंय, आम्ही खुर्चीच दाखवत होतो. सोमवारी कुलगुरूंना भेटतोय, आधी दोन रिसर्च असिस्टंट आणि एका समुपदेशकाची जागा मागतो, प्रोफेसरची जाहिरात त्यानंतर. ताई, तुमच्या त्या वह्यांचे रकाने कसे असतात ते मेसेज कराल का?