तेरड्याचं बोंड फुटतं कसं दाखवू? मदत हवी आहे

चौथीच्या मुलांना बिया कशा पसरतात ते मॉडेल करून शिकवतेय. रुईचं फळ मस्त जमलं: पुठ्ठ्याची होडी, आत बिया चिकटवलेले सावरीच्या कापसाचे झुबके. फुंकर मारली की म्हातारी उडते (मग वर्ग झाडा, ते वेगळंच!). शेवग्याची तीन पंखांची बी पतंगाच्या कागदाची केली.

घोडं अडलंय तेरड्यापाशी. पिकल्या बोंडाला बोट लागताच सालीच्या पाच फाका झटकन आत वळतात आणि बिया लांब उडतात. तो झटका आणायचा कसा? रबरबँड लावला तर पुठ्ठाच दुमडतो. जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्या तर जमेल का? बियांसाठी मोहरी घेतलीय. कुणी केलं असेल तर सांगा ना. स्वस्तातलं हवं, आणि कापाकापी मुलांनाच करता यावी.