डीएनएचे तुटलेले ‘पेड’: जोडणे, सांधणे की भरून काढणे?

(बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची ठिकाणे दिली आहेत.)

नाशिकरोड: मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात निफाड-दिंडोरीकडची, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुले बरीच. डीएनएची एक बाजू तुटली काय नि दोन्ही तुटल्या काय, ती ‘डीएनए तुटला’ एवढेच लिहितात. ‘धागा’ म्हटले की अख्खा डीएनए समजतात. दुरुस्तीसाठी तर ‘जोडणे’ हे एकच क्रियापद. तेवढ्यावर भागेल का?

कॉलेज रोड: ताई, ‘पेड’ घ्या. दोरीला, वेणीला पेड असतातच. डीएनए दुपेडी. एक पेड तुटला तर समोरचा शाबूत पेड पाहून तो भरता येतो. दोन्ही एकाच जागी तुटले की टोके सुटी होतात आणि पेशीच्या जिवावर बेतू शकते.

सातपूर: या सुट्या टोकांपाशी प्रथिनाचा आकार कामी येतो. कू ७० आणि कू ८० ही दोन प्रथिने मिळून एक वळे होते. २००१ मध्ये त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. हे वळे आधीपासूनच बंद असते, त्यामुळे अखंड डीएनएवर मधूनच चढू शकत नाही. मोकळे टोक मिळाले की मात्र त्यावर ओवले जाते, मग तिथला अक्षरक्रम (ए, टी, जी, सी या घटकांचा क्रम) कोणताही असो. म्हणून ‘चिकटते’ लिहू नका. चिकटायला कुठलीही जागा चालते, ओवायला टोकच लागते.

येवला: आमच्याकडे मागावर तुटलेली तार सांधतात. नीट सांधली तरी बोट फिरवले की सांधा कळतो. त्या अर्थाने ‘सांधणे’ बसेल?

सातपूर: चपखल. या मार्गाने टोके जुळताना बऱ्याचदा दोन-चार अक्षरे गळतात किंवा जादा पडतात, सांध्याची खूण राहते. फक्त कर्ता चुकवू नका: कू टोके धरून ठेवतो आणि बाकीच्यांना बोलावतो, सांधतो तो लायगेज ४ हा विकर (एन्झाइम). सांधल्यावर वळे डीएनएवरच अडकते, ते पेशीला मुद्दाम काढावे लागते.

नाशिकरोड: आणि दुरुस्तीच्या दुसऱ्या मार्गातले प्रथिन, रॅड ५१? तिथेही सांधणेच?

कॉलेज रोड: नाही, तिथे ‘भरून काढणे’. तुटलेल्या टोकाचा एक पेड मागे कुरतडला जातो. उघड्या पडलेल्या दुसऱ्या पेडावर रॅड ५१चे रेणू ओळीने बसतात, मळसूत्री तंतू तयार होतो आणि डीएनए सुमारे दीडपट ताणला जातो. त्या ताणलेल्या अवस्थेत हा तंतू जुळणारी प्रत शोधतो. बहुधा पेशी विभागण्याआधी नुकतीच तयार झालेली त्याच डीएनएची जोडप्रत. तिच्यावरून गेलेला मजकूर उतरवून घेतला जातो, म्हणून सहसा खूण राहत नाही. रॅड ५१ला पेडावर बसवण्याचे काम बीआरसीए २ हे प्रथिन करते. ते निकामी झालेल्या पेशीत हा मार्ग बंद पडतो; वारशाने असा दोष आलेल्यांना स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका जास्त असतो, तो यामुळेच. ‘बीआरसीए २ मदत करते’ असे मोघम वाक्य पुस्तकात असले तरी मुलांना ‘बसवते’ असेच लिहायला सांगा.