अनुभव धागा : मेन बिल्डिंगमध्ये तुमचं काय काम पडलं होतं?

धागाकर्ता

मागच्या आठवड्यात पुतणीला घेऊन पुणे विद्यापीठात गेलो होतो. तिला प्रवेशाची चौकशी करायची होती, मला नुसतंच फिरायचं होतं. मेन बिल्डिंगसमोर उभं राहून तिने विचारलं, "काका, हे आधी काय होतं?" मी म्हटलं, "लाटसाहेबाचा बंगला." तिचा पुढचा प्रश्न होता, "एवढा? एका माणसाला?"

त्या प्रश्नावरून हा धागा. आधी थोडी माहिती टाकतो, मग तुमची पाळी.

मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्कामाला यायचे. आधी त्यांचं बस्तान दापोडीला होतं. बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाल्यावर गणेशखिंडीत नव्या गव्हर्नमेंट हाऊसचा घाट घातला गेला. काम सुरू झालं १८६४ साली. वर्ष नीट बघा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू, तिथला कापूस बंद, त्यामुळे मुंबईत कापसाच्या पैशाचा नुसता पाऊस पडत होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा फुगा फुटला. बंगल्याचं काम मात्र चालूच राहिलं, १८७१ पर्यंत. खर्चावरून विलायतेत बोंबाबोंब झाली. फ्रिअरसाहेब तोवर, म्हणजे १८६७ लाच, पद सोडून मायदेशी गेले होते. घर बांधायला काढलं एकाने, राहिला दुसराच. आपल्याकडच्या सोसायट्यांसारखंच.

वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. शैली इटालियन, दगड आपला काळा, मनोरा सुमारे ८० फुटांचा. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने ही वास्तू आणि ४०० एकरांहून जास्त जमीन नव्या पुणे विद्यापीठाला दिली. विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची. पहिले काही महिने कारभार भांडारकर संस्थेतल्या निजाम गेस्ट हाऊसमधून चालला आणि १ जूनपासून गणेशखिंडीत आला. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर. १९३० साली सप्रूंबरोबर येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींकडे समेटाची बोलणी करायला जाणारे तेच हे जयकर. अशा माणसाचं ऑफिस गव्हर्नरच्या बंगल्यात थाटलं जावं, याची मला अजून मजा वाटते.

इतिहासाची पुस्तकं सगळ्यांकडे आहेत. मला हवंय ते हे, की त्या बंगल्यात तुमचं काय काम होतं? फॉर्म भरायला, व्हायव्हाला, नुसतं सावलीत बसायला, काहीही चालेल.

जुन्नरची

मी एम.ए. मराठी, १९७६. पदवीदानाला वडील आले होते. पहाटेची एस.टी. धरून शिवाजीनगर स्टँड, तिथून पीएमटीची बस. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. समारंभ संपल्यावर मी त्यांना मेन बिल्डिंग दाखवायला नेलं. खरं तर मीच दोन वर्षांत दोनदा-तीनदाच आत गेले असेन, पण ऐट अशी की जणू माझंच घर.

पोर्चच्या पायऱ्यांशी आले आणि थांबले. मला वाटलं दमले असतील. बघते तर वाकून चपला काढतायत. मी म्हटलं, "बाबा, अहो इथे चपला चालतात." ते म्हणाले, "असू दे." तिथले शिपाई वयस्कर होते, ते हसून म्हणाले, "दादा, घाला की, देऊळ न्हाई हे." बाबांनी दोन्ही चपला एकावर एक ठेवल्या, पिशवीत टाकल्या, पिशवी काखेत धरली आणि आत आले. फरशी गार होती. मला आठवतं, कारण मीही मग माझ्या काढल्या. एकटीने पायात ठेवायची लाज वाटली.

आत त्यांनी काहीही विचारलं नाही. वर बघत राहिले. बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाले, "छत लई उंच आहे. झाडायचं कसं?"

धागाकर्ता

जुन्नरच्या ताई, धाग्याचं सार्थक झालं. पुढचे अनुभव येऊ द्या.

विद्यापीठगेट

आमचं काम छोटं. मी बारा वर्षं ह्याच रस्त्याने बसने ये-जा केली. नाव १९४९ ला पुणे विद्यापीठ, २०१४ ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, चौकातला उड्डाणपूल आला आणि २०२० मध्ये पाडलासुद्धा. पण कंडक्टरची आरोळी काही बदलली नाही : "विद्यापीठ गेट, चला उतराऽऽ". मेन बिल्डिंगच्या आत कधीच गेलो नाही. मनोरा मात्र रोज बघितला.

खडकीबाजार

आमचं घराणं खडकीचं. माझ्या आजीचे वडील लाटसाहेबाच्या बंगल्यावर मसालची होते. मसालची म्हणजे भांडी घासणारा, किचनातला सगळ्यात खालचा माणूस. त्याच्या वर खानसामा, त्याच्या वर बटलर. मी पणजोबांना पाहिलेलं नाही. सांगतोय ते आजीच्या तोंडचं.

इमारतीतल्या भुयाराबद्दल कॉलेजात पोरं काय काय सांगायची. शनिवारवाड्यापर्यंत जातं म्हणे, पर्वतीला निघतं म्हणे. आजी हे ऐकून खो खो हसायची. ती म्हणायची, "अरे, ते आमच्या बापाचं रोजचं जायचं-यायचं होतं." स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून अंतरावर. जेवण न्यायचं तर नोकरांनी हिरवळीवरून पाहुण्यांसमोरून ताटं नाचवत जायचं का? म्हणून खालून वाट. पेशव्यांचा खजिना नाही, गुप्त कट नाही. सूप आणि भाजलेलं मांस न्यायचा रस्ता, बस्स.

पणजोबा सांगायचे म्हणे, की बंगला कसा दिसतो ते मला विचारू नका, कसा ऐकू येतो ते विचारा. मेजवानीच्या रात्री वर बूट वाजायचे, वाद्यं वाजायची आणि हे खाली गरम पाण्याच्या घंगाळात हात घालून बसलेले. साहेब लोक नाचायला लागले की कळायचं, आता तासभर ताटं परत येत नाहीत, तेवढ्यात बिडी.

मी १९९४ साली काही कागदपत्रांसाठी आत गेलो. काम पाच मिनिटांचं. पण येताना व्हरांड्यातून मुद्दाम टाचा आपटत चालत आलो. एका मॅडमनी मान वर करून बघितलं. मी "सॉरी" म्हटलं. तेवढं एकदा करायचं राहिलं होतं.

सनावळी

वरती कुणी अजून लिहिलेलं नाही म्हणून आधीच सांगून ठेवतो, कारण हा घोळ दर वेळी होतो. प्लेग कमिशनर रँडला गव्हर्नमेंट हाऊसमध्ये मारलेलं नाही. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ ह्या बंगल्यात होता. तो आटोपून बग्ग्या परतत असताना गणेशखिंड रस्त्यावर "गोंद्या आला रे" ही खूण झाली. दामोदर चापेकरांनी रँडवर आणि बाळकृष्णांनी मागच्या बग्गीतल्या आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदरना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी झाली.

प्लेगच्या नावाखाली घराघरांत सोजीर घुसवलेल्या शहरात, दुष्काळाच्या वर्षी, तिकडे रोषणाई आणि मेजवानी. इमारतीची शैली, कमानी वगैरे कौतुकाने बोलताना हा दिवसही लक्षात असू द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

आणि बंगल्याच्याही आधी हा मुलूख लढाईचा. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई ह्याच माळावर. बापू गोखले इथे लढत होते आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून बघत होते. असो, विषयांतर.

खडकीबाजार

@सनावळी, त्या रात्रीचं आजीने काही सांगितलेलं नाही. विचारायला हवं होतं.

सोलेंटपार

मी गेली नऊ वर्षं साउदॅम्प्टनला. पुण्याचा हा बंगला ऑस्बोर्न हाऊसच्या धर्तीवर बांधलाय असं वाचलेलं होतं, पण ते ऑस्बोर्न आमच्या बंदरातून फेरीने तासाभराच्या वाटेवर आहे हे इथे आल्यावर दोन वर्षांनी लक्षात आलं! वाइट बेटावर, ईस्ट काउजला उतरायचं. राणी व्हिक्टोरियाचं खासगी घर. तिचा नवरा अल्बर्ट आणि थॉमस क्युबिट यांनी मिळून उभारलेलं, १८४५ ते १८५१.

फाटकातून वळण घेतलं आणि मी बायकोला म्हटलं, "अगं, मेन बिल्डिंग!" ती फर्ग्युसनची, तिला काही वाटलं नाही. पण माझ्या पोटात कालवलं. तोच चौकोनी मनोरा, त्याच कमानी. फरक एवढाच की तिथे दोन मनोरे, आपल्याकडे एक. रंगही वेगळा. त्यांचं घर पिवळसर, उन्हात लोण्यासारखं दिसणारं. आपला दगड पावसात आणखी काळा होतो, आणि मला विचाराल तर आपलं रूप जास्त भारदस्त आहे.

आत एक दरबार रूम आहे, पांढऱ्या नक्षीने गच्च भरलेली, पंजाबच्या भाई राम सिंग यांनी घडवलेली. राणी हिंदुस्थानात कधी आली नाही, म्हणून हिंदुस्थानच घरी मागवला. त्या दालनाकडे जाणाऱ्या बोळात आपल्या लोकांची छोटी छोटी चित्रं लावली आहेत. विणकर, कुंभार, असे कारागीर. गर्दी दरबार रूमकडे सरकत होती आणि मी त्या चित्रांपाशी अडकलो. एका म्हाताऱ्याचा चेहरा अगदी आमच्या गावच्या तांबटासारखा.

आता ऐका गंमत. राणी १९०१ मध्ये त्याच घरात वारली. मुलाला ते घर नको होतं, त्याने देशाला देऊन टाकलं. आणि तिथे काय निघालं? १९०३ ते १९२१ नौदलाचं कॉलेज! म्हणजे मुळाबरहुकूम नक्कल करण्यात आपण इतके पक्के, की पुढे शाळा भरवण्यातही मागे राहिलो नाही. फक्त त्यांचं कॉलेज अठरा वर्षांत बंद पडलं. आपलं चालू आहे.

चुनखडी

मी सिव्हिलवाला, अर्धं आयुष्य जुन्या दगडी इमारतींच्या डागडुजीत गेलं. विद्यापीठाच्या इमारतीवर काम केलेलं नाही, पण पोरं कॅन्टीनला जायची तेव्हा मी भिंतींना हात लावत फिरायचो. मित्र म्हणायचे, ह्याचं लग्न लावा कुणीतरी.

लोकांना वाटतं काळा दगड म्हणजे काही होत नाही. दगडाला होत नाही, दरजांना होतं. दरज म्हणजे दोन दगडांमधली फट, ती चुन्याने भरलेली असते. चुना श्वास घेतो. पावसाळ्यात भिंतीत शिरलेली ओल उन्हाळ्यात त्याच फटीतून बाहेर पडते. मग येतो एखादा शहाणा आणि सिमेंटने दरजा भरतो. दिसायला टकाटक. दोन पावसाळे गेले की ओल आत कोंडते, आतला गिलावा फुगतो, फरशीपासून हातभर उंचीवर पांढरं मीठ फुटतं. ही चूक मीही केलेली आहे, १९८८ साली, एका वाड्यावर. मालकांनी वर्षभराने बोलावून भिंतीवर बोट फिरवलं, माझ्यासमोर जिभेला लावलं आणि म्हणाले, "खारट आहे, इंजिनिअर." त्यानंतर चुन्याची घाणी फिरवल्याशिवाय जुन्या कामाला हात लावला नाही.

मेन बिल्डिंग बघायची तर पावसाची झड थांबल्यावर तासाभराने बघा. कुठला भाग आधी वाळतो, कुठला काळाच राहतो, यावरून भिंत सगळं सांगते.

अधिसभा_प्रेक्षक

वार्ताहर म्हणून अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, बैठका कव्हर केल्या, संत ज्ञानेश्वर सभागृहात. गव्हर्नरच्या घरात ज्ञानोबांच्या नावाच्या दालनात तासन्‌तास "सभापती महोदय, हरकतीचा मुद्दा" चालायचा. गव्हर्नर तसे पूर्ण गेलेले नाहीत बरं का. राज्यपालांचं पुण्यातलं निवासस्थान अजूनही शेजारीच आहे आणि राज्यपालच विद्यापीठाचे कुलपती. घर दिलं, शेजार सोडला नाही.

रिफेक्टरी९९

इमारतीचं माहीत नाही, समोरच्या वडाखाली मी नेट परीक्षेचा अख्खा अभ्यास केला. दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास. तिसऱ्या वेळी जयकर ग्रंथालयात बसलो होतो.

नवीपोरगी

मी सध्या पीएच.डी. करतेय. माझ्यासाठी मेन बिल्डिंग म्हणजे सावित्रीबाईंचा पुतळा, २०२२ च्या फेब्रुवारीत बसवलेला. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने इमारतीकडे पाहिलंसुद्धा नाही. पुतळ्यासमोर फोटो काढ म्हणाली. मी मागे जाऊन मनोरा फ्रेममध्ये बसवायला लागले, तर म्हणते, "अगं, मागचं ते राहू दे, बाई नीट येऊ दे." फोटोत मनोरा अर्धा कापला गेलाय. तो तसाच घरात फ्रेम करून लावलाय.

जुन्नरच्या ताईंना एक विचारायचं होतं. बाबांच्या चपला कोल्हापुरी होत्या का?

जुन्नरची

नाही गं. टायरच्या. पिशवीला खूप दिवस रबराचा वास येत होता.