शब्दचर्चा : ‘व्हॅक्यूम लीक’ला गळती म्हणावे काय?

विचारणा : कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या एका जुन्या पेट्रोल ट्रकच्या दुरुस्तीपुस्तिकेचे मी मराठी भाषांतर करीत आहे. ‘व्हॅक्यूम लीक’साठी मी ‘निर्वात गळती’ असे लिहिले होते. ते वाचून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील एका मेस्त्रींनी ‘पण गळते काय?’ असे विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : मेस्त्रींचा प्रश्न रास्त आहे. आयडलिंगला (गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना) थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी, झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन हवा ओढतच असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब उतरतो व तडकलेल्या रबरी नळीतून किंवा कार्ब्युरेटरखालच्या दबून निकामी झालेल्या गॅस्केटमधून (सांधा बंद करणाऱ्या पट्टीतून) बाहेरची हवा आत शिरते. कार्ब्युरेटरला वळसा घालून आलेल्या या हवेला तिच्या वाट्याचे पेट्रोल मिळत नाही, म्हणून इंजिन अडखळते. म्हणजे येथे आतले काही बाहेर गळत नाही, बाहेरचे आत येते, म्हणून ‘गळती’ बसत नाही. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो. येथे संशयित सांध्यावर साबणाचे पाणी फवारले तर बुडबुडा येत नाही, पाणीच आत ओढले जाते आणि इंजिनचा आवाज क्षणभर बदलतो. (कार्ब्युरेटर क्लीनर फवारणारेही आहेत, तो पेट घेणारा असल्याने तापलेल्या सायलेन्सरजवळ मी तरी तो फवारू देणार नाही.) ‘निर्वात’ही जडच आहे, कारण धडधाकट इंजिनात मुंबईच्या समुद्रसपाटीला मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम मोजणारा गेज पाऱ्याचे साधारण १८ ते २२ इंच दाखवतो, आणि पूर्ण निर्वाताला सुमारे ३० इंच लागतील.

शंका : छप्पर गळते तेव्हा पाणी घरातच येते. मग दिशेचा आग्रह कशासाठी?

उत्तर : आक्षेप मान्य आहे, दिशेचा मुद्दा मी सोडतो. तरीही छपरातून पाणी आपल्या वजनाने खाली पडते, मॅनिफोल्डमध्ये मात्र हवा खेचली जाते, आणि ही ओढ ‘गळणे’ या क्रियापदात नाही. गॅरेजमध्ये रुळलेला ‘हवा घेणे’ हा प्रयोग ती नेमकी पकडतो. अडचण एकच आहे : डिझेल ट्रकचा चालक ‘गाडी हवा घेते’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा डिझेलच्या लाईनमध्ये शिरलेली हवा अभिप्रेत असते, आणि तो दोष निराळा. म्हणून कर्ता सांगितलाच पाहिजे : ‘मॅनिफोल्ड हवा घेतो’, ‘ब्रेक बूस्टरची (ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या भागाची) नळी हवा घेते’. एअर ब्रेकच्या टाकीतून दाबाखालची हवा बाहेर निसटते, तेथे ‘गळती’ खुशाल ठेवावी.

विचारणाकर्ता : आभारी आहे. ‘एकेक नळी चिमटून पाहावी, जी चिमटल्यावर इंजिन स्थिर होते, ती नळी किंवा तिच्या पुढचा भाग हवा घेतो’ असे वाक्य आता केले आहे. मेस्त्रींनी ते वाचले आणि ‘चिमटून’ऐवजी ‘दाबून’ एवढीच दुरुस्ती सुचवली.